तो की ती

सान रोके, लगुना
११ फेब्रुवारी १९०६

प्रिय देन्सियो,

तुझं पत्र आणि साबणाच्या वड्या पोचल्या. आम्ही ठीक आहोत. आईचे गुडघे दुखतात, जिभेला मात्र काही झालेलं नाही. तुझा पांढऱ्या सुटातला फोटो तिने देव्हाऱ्यात ठेवलाय आणि येईल त्याला ऐकवते, "मनिलाला कचेरीत दुभाष्या आहे हो! त्याच्यावाचून साहेबाचं पान हलत नाही."

गावात सध्या सुधारणांचा सुळसुळाट आहे. प्रत्येक घरामागे खड्ड्याचा संडास हवा, असा हुकूम निघाला. आपला इतका मजबूत झाला की आईने त्यात कोंबड्या ठेवल्या. तपासायला आलेला अमेरिकन साहेब बराच वेळ कोंबड्यांकडे पाहत उभा राहिला. आई म्हणाली, "सांगा त्याला, पोट कोंबड्यांनाही असतं." सांगणार कोण? तू गेल्यापासून इथे धड दुभाष्या नाही. कोंबड्यांच्या झुंजी बंद झाल्यात आणि शाळेची पोरं लाकडी दंडुक्याने चेंडू बडवतात. पैजा आता त्यावर लागतात.

नवा रस्ता नदीपर्यंत आला. चांगला होतोय. खडी बारीक आहे, दोन्ही अंगांना गटारं आहेत. यंदा पावसाळ्यात गाडी रुतणार नाही म्हणतात.

खडी कैदी फोडतात, आणि त्या कैद्यांत तुझा मेहुणा, माझा नवरा आहे. दर पत्रात तू "मेलेसियो कसा आहे" विचारतोस आणि मी "बरा आहे" लिहिते. तो बरा नाही. मी रस्त्याकडेला तांदळाचे वाफवलेले पुतो विकायला बसते, पहारेकऱ्याला दोन फुकट दिले की तो पाठ फिरवतो. मेलेसियोच्या पायात बेडी आहे. खोकला आला की तोंडावर फडकं धरतो आणि झटकन मुठीत लपवतो. परवा फडकं लाल दिसलं. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "आज पुतो गिचका झालाय गं. लक्ष कुठे असतं तुझं?"

त्याला धरून नेलं त्या दिवसाबद्दल आपण दोघांनीही आजवर चकार शब्द लिहिलेला नाही. आता लिहिते.

लेफ्टनंट अंगणात उभा होता, दुभाष्या म्हणून तू त्याच्या शेजारी. डोंगरातल्या बंडखोरांना तांदूळ कुणी दिले, सांगितलं नाही तर वाडी जाळू, असं त्याने दरडावलं. शेजारची म्हातारी बारांग पुढे आली. तिने आपल्याकडे दाखवतात तसे ओठ पुढे काढून आमच्या दाराकडे दाखवलं आणि म्हणाली, "सिया." लेफ्टनंटला वाटलं, म्हातारी आपल्याला मुका देतेय. तो कानापर्यंत लाल झाला आणि त्याने तुझ्याकडे पाहिलं. दारात आम्ही दोघं होतो, मेलेसियो आणि मी. आपल्या बोलीत 'सिया' म्हटलं की तोही आला आणि तीही आली. त्यांच्या इंग्रजीत मात्र बाई की बुवा, ते आधी ठरवावं लागतं. तू ठरवलंस. म्हणालास, "तो."

तांदूळ मी दिले होते. मागच्या दाराशी चार भुकेली माणसं आली, एकाच्या तर मिशाही फुटल्या नव्हत्या. मेलेसियो माझ्या हातातलं सूप ओढत होता. "दार लाव, फुकट मान अडकेल!" त्याचीच अडकली. त्याला बांधलं तेव्हा मी तोंड उघडलं, तर तो माझ्यावर खेकसला, "आत जा, आईला बघ!" आणि न्यायाधीशासमोर त्याने सगळं कबूल करून टाकलं.

तू लिहीत राहिलास, "ताई, घाईत चूक झाली, क्षमा कर." मी मानलं. आपल्या लोकांची ही चूक नेहमीचीच. शाळेत अजूनही पोरं "माझी आई भात शिजवतो" म्हणतात आणि मिस व्हिटकॉम कपाळावर हात मारतात. त्यांच्याकडे मी कपडे धुते. मागच्या आठवड्यात तुझा विषय निघाला, तर कौतुकाने म्हणाल्या, "तुझा भाऊ हुशार. साऱ्या वर्गात तो एकटा कधीच 'तो' आणि 'ती'त चुकला नाही."

मी कपडे पिळत राहिले.

म्हणजे तुला दोघांतलं एक निवडायचं होतं आणि तू बहीण निवडलीस. मला वाचवलंस, हे कळतं. तरी मी तुझ्यावर रागावले आहे, इतकी की हे लिहिताना बोरू दोनदा मोडला. तू मला विचारलं नाहीस. मेलेसियोला तर नाहीच.

तेव्हा आता ऐक. गुरुवारी मी न्यायाधीशाकडे जाणार आहे. ते त्याला सोडतील की आम्हा दोघांनाही ठेवतील, ठाऊक नाही. त्या खडीवर तो पावसाळा काढणार नाही, एवढं ठाऊक आहे. तुझ्याबद्दल विचारलं तर ती घाईतली चूकच होती, असं सांगेन. गोऱ्यांना ती चूक इतकी पाठ आहे की ते हसून सोडून देतील. बारांगलाही बजावलंय, "मावशी, या वेळी ओठ नको, बोट दाखवा." तू येऊन आईला मनिलाला घेऊन जा. कोंबड्यांसाठी ती अडून बसेल, त्याही ने. पण कचेरीने या खटल्यात दुभाष्या म्हणून पाठवलं, तर आजारी पड.

मला दुभाष्या नकोच आहे. मिसबाईंकडून एक इंग्रजी वाक्य पाठ करून घेतलंय, "आय गेव्ह द राइस." त्यांनी विचारलं, "कुणाला दिलास गं भात?" म्हटलं, "पाहुणे आले होते." मग मीच विचारलं, "हे 'आय' बाईचं की बुवाचं?" त्या हसल्या. म्हणाल्या, "जो बोलेल त्याचं."

तुझ्या एका शब्दावर आजवर मोकळी फिरलेली,
तुझी ताई
पोतेन्सियाना