खडकाखालचं टेबल

प्रिय फुल्वियो,

चार दिवस कागद पुढे घेऊन बसते आणि उठते. तुझ्या बाळाला दात आल्याचं वाचून बरं वाटलं. इकडे द्राक्षांना पालवी फुटली आहे, माझा गुडघा पुन्हा दुखतोय आणि बाबा माझ्याशी बोलत नाहीत.

बाबा आणि समोरच्या खाणावळीतली देल्फिनाकाकू, दोघांचा चौकातला वाद तू लहानपणापासून ऐकला आहेस. ओर्विएतोहून येणाऱ्या प्रवाशांनी जेवावं कुठे? बाबा म्हणायचे, "वाइन जिथे मुरली तिथेच बसून प्यावी, आमच्या तळघरात." काकू ओरडायची, "माणसं आहेत ती, सेत्तीमिओ, वटवाघळं नव्हेत! जरा उन्हात बसू दे त्यांना." मग सगळा चौक हसायचा.

फेब्रुवारीत खडकात कोरलेल्या आपल्या तळघराच्या छताला तडा दिसला. तेव्हा त्यात जेमतेम नख जायचं, ईस्टरपर्यंत बोट जायला लागलं. बाबांनी त्यावर लसणाच्या माळा टांगल्या. म्हणाले, "जुना खडक आहे, कधीतरी आळस देणारच."

मागच्या रविवारी बेर्गामोहून बावीस जणांची बस यायची होती. मी तळघरात टेबलं मांडत होते, तेवढ्यात स्वच्छ कापडावर चिमूटभर माती पडली. तशीच बसथांब्यावर गेले, "आज आमची चूल बंद आहे," असं सांगून सगळ्यांना काकूच्या अंगणात पाठवलं. बाबा दारात आले तेव्हा ते लोक तिची वाइन पीत होते. "माझी पोर माझेच पाहुणे तिच्या दारात नेऊन बसवते?" एवढंच म्हणाले. छत मात्र पडलं नाही. गावात मी खोटी ठरले.

तेव्हापासून ते रोज दुपारी तळघरात एकटेच जेवतात. मी वर उभी राहून चमच्याचा आवाज ऐकते. आवाज थांबला की माझाही श्वास थांबतो. काल न राहवून खाली गेले, त्यांच्यासमोर बसले. त्यांच्या ग्लासात वरून खडे पडले. बाबांनी वर बघितलं, मग माझ्याकडे. ग्लास दातांवर आपटला, तरी खड्यांसकट वाइन प्यायले. फुल्वियो, त्यांना सगळं कळतंय. माझ्याइतकेच तेही घाबरले आहेत.

आता खरं लिहिते. मी नगरपालिकेत अर्ज दिला. इंजिनियर येऊन छत बघून गेला, बाबा तेव्हा मळ्यात होते. गुरुवारी सकाळी तळघराला सील लागणार आहे आणि हे त्यांना माहीत नाही. कळलं तर ते आत जाऊन दार लावून घेतील, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसतं. म्हणून आज दाराची आतली कडी मी उपटून काढली. तू बुधवारीच ये. त्यांच्याशी वाद घालू नकोस. नुसतं म्हण, "बाबा, भूक लागली आहे, चला काकूकडे." तुझा हात धरून ते चौक ओलांडतील. माझा आता धरणार नाहीत.

वाट बघणारी तुझी बहीण,
ओर्नेला