गॅसवरचा पाव

१९ नोव्हेंबर, रविवार दुपार

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद. तुझ्या शाळेतल्या मुलांच्या परीक्षा उरकल्या असतील. इकडे सगळे मजेत. म्हणजे तुझी वहिनी मजेत, माझा गुडघा कुरकुरतोय. जूनमध्ये बेकरीतून निवृत्त झालो. एकतीस वर्षं भट्टीसमोर काढली आणि आता पंख्याखाली बसून उकडतं. हसलीस तरी चालेल.

परवा वहिनी म्हणाली, "एवढे मोठे पाववाले, घरी एक तरी पाव करून दाखवा की!" घरात ओव्हन नाही. तरी केला. कसा ते लिहितो, कारण तू मला हे एकदा विचारलं होतंस.

यीस्ट कोमट पाण्यात भिजवायचं, कढत पाण्यात ते मरतं. पीठ सैलसर मळायचं, बोटांना चिकटलं तरी घाबरायचं नाही. डब्यात घालून, झाकून दुप्पट फुगू द्यायचं. जाड बुडाच्या पातेल्यात तळाला मीठ पसरून वर स्टँड ठेवायचा आणि झाकण लावून दहा मिनिटं तापवायचं. मग डबा आत ठेवायचा, झाकणावर वजन, गॅस अगदी बारीक. चाळीस मिनिटं डोकावायचं नाही. वरून पांढुरकाच राहतो, म्हणून शेवटी तव्यावर पालथा घालून तांबूस करायचा.

झालं. फोनवर सांगायला पाच मिनिटंही लागली नसती.

बाबांनी मला चारचौघांत "आमचा पाववाला" म्हटलं, म्हणून मी तीन वर्षं घरी फिरकलो नव्हतो. ते अंथरुणाला खिळले, अन्न घशाखाली उतरेना, तेव्हा तुझा फोन आला. "दादा, बाबा ताजा, मऊ पाव मागतायत. विकतचा तोंडात धरत नाहीत. गॅसवर होईल का रे?"

मी म्हणालो, "गॅसवर पाव होत नाही. उगाच पीठ नासू नकोस."

चिमे, मला येत होतं. बेकरीत लागलो त्या पहिल्याच वर्षी, भट्टी बंद पडली होती तेव्हा, उस्तादांनी शिकवलं होतं. मी खोटं बोललो. बाबांनी मला स्वतः फोन करावा, एवढीच माझी घमेंड.

आणि एक गोष्ट तुला ठाऊकच नाही. त्यानंतरच्या गुरुवारी मी आलो होतो. हातात ताजा पाव होता. जिना चढलो तर करपल्याचा वास. दार अर्धवट उघडं होतं. तू रडवेली होऊन म्हणत होतीस, "तिसऱ्यांदा जळला हो बाबा." आणि बाबा म्हणाले, "आतला मऊ भाग दे, दुधात बुडवून. थोरला आला की शिकवेल तुला. त्याच्या हाताला चव आहे."

मला आत यायची लाज वाटली. फोनवर काय बोललो होतो, ते तुझ्यासमोर कसं निस्तरणार? पाव तसाच घेऊन उतरलो. म्हटलं, रविवारी येईन. रविवारी आलो नाही. पुढच्या शनिवारी बाबा गेले.

आणि त्या दिवशी भरल्या घरात मी काय म्हणालो? "इतकं झालं होतं तर मला वेळेवर कळवायचं नाही?" सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं. आत्या तर तोंडावर बोलली. तू मला फोन केला होतास, हे तू कुणालाच सांगितलं नाहीस. मी मान खाली घालून उभा राहिलो आणि लोक त्याला दुःख समजले.

चार वर्षं तू ते बोलणं ऐकून घेतलंस. आज आत्याला आणि काकांना हेच सगळं लिहून दोन पाकिटं टपालात टाकून आलो. ती त्यांना मिळतील तेव्हा मला जे बोलायचं ते बोलू देत. तुला मात्र आता कुणी काही बोलता कामा नये.

माफ कर असं लिहायला हात उचलत नाही. तुला रागावायचं असेल तर समोर बसवून रागाव, मी ऐकून घेईन. आणि बोलावंसंच वाटलं नाही, तरी तुझं काही चुकलं असं मी पुन्हा कधीच म्हणणार नाही.

दारापर्यंत येऊनही आत न आलेला,
तुझा दादा