पाटीवरचं नाव

शुक्रवार, ४ एप्रिल

खोटं बोलले. बाबांशी! तेही इतकं सहज, की माझं मलाच नवल वाटलं. "उद्या एक वाजता नाही जमणार हं बाबा, दिवसभर लॅबमध्ये आहे."

बाबांच्या अर्धांगाच्या झटक्याला आठ महिने झाले. तेव्हापासून रोज इथे परदेशात माझ्या दुपारी एकला — तिकडे घरी सकाळचे आठ — बाबा व्हिडिओ कॉलवर मला पेपर मोठ्याने वाचून दाखवतात. डॉक्टरांनीच सांगितलंय. एकेका शब्दाला मिनिट लागतं. तीन शब्द सलग आले की चौथा हमखास अडकतो. बत्तीस वर्षं इंग्रजीचे मास्तर, जन्मभर पोरांची वाक्यं दुरुस्त केली, आणि आता मी त्यांना म्हणते, "छान बाबा. परत म्हणा."

कंटाळा येतो. लिहून टाकलं एकदाचं. येतो!

आज तर ऐकून खूश झाले. "लॅब… लॅब…" मान डोलावत म्हणत राहिले. पोरगी अभ्यास करतेय ना!

शनिवार, ५ एप्रिल

बेट! रूममेटबरोबर. (अखंड बडबडते म्हणून मी तिला चिमणी म्हणते.) वीज नाही, गाड्या नाहीत, फोनला रेंज नाही. दगडी कुंपणं, मेंढ्या, हातपंपाचं गार पाणी. धक्क्यावर एक मोठी पाटी टांगलेली. उतरलं की खडूने नाव आणि घरचा किंवा वसतिगृहाचा पत्ता लिहायचा, परतताना आपलं आपण पुसायचं. नावाडी बेटावरच राहतो. म्हणाला, "शेवटची बोट सोडून आलो की पाटी बघतो. कोरी असली तरच जेवायला जातो."

एक वाजला तेव्हा गवतात पडून उकडलेली अंडी खात होते. बाबा सवयीने पेपर घेऊन बसले असतील का? ते डोक्यातून जावं म्हणून मेंढीमागे धावले आणि सपशेल आपटले. चिमणी पोट धरधरून हसली. मीही. दिवस फार मस्त गेला, हाच तर वैताग आहे!

परतताना फोन काढला तर बॅटरी संपलेली. त्याचं बटण दाबत दाबतच बोटीत चढले. म्हटलं, बरंच झालं, कुणी काही विचारायला नको. बंदराजवळ चिमणीच्या मैत्रिणीकडे जेवलो. आता झोप.

रविवार, ६ एप्रिल

नाव पुसलंच नाही!

सकाळी सकाळी वसतिगृहाच्या रेक्टरबाई दारात. काल पाटीवर माझं एकटीचं नाव दिसलं म्हणून नावाडी दोन तास बेट पालथं घालत होता. कड्याखाली उतरला, पाय मुरगळून घेतला. मग वायरलेसवरून बंदरात कळवलं, बंदरातून इथे. मी खोलीत नाही, मोबाइल बंद. शेवटी बाईंनी फॉर्मवरचा घरचा नंबर फिरवला. "तू सुरक्षित आहेस असं घरून कळलं, म्हणून शोध थांबवला."

घरून? घरी काय माहीत? म्हणजे आईला बेटाचं कळलं. मेले!

फोन चालू केला तर आईचा मेसेज : "बाबांना तुझ्याशी बोलायचंय. लगेच फोन कर." घसा बसलाय म्हणून कळवलं. आणखी एक खोटं. निर्लज्ज कुठली!

सोमवार, ७ एप्रिल

लेक्चर बुडवून परत बेटावर गेले. नावाडी लंगडत होता, घोट्याला फडकं बांधलेलं. माफी मागता मागता रडायलाच लागले. तो चिडला नाही, तेच जास्त लागलं. "माझी बायको कंदील घेऊन विहिरीत डोकावत होती," एवढंच म्हणाला.

माझं नाव पाटीवर तसंच होतं. त्याने ओलं फडकं माझ्या हातात दिलं. "दुसऱ्याचं नाव मी पुसत नाही."

पुसलं.

उद्या बाबांना सगळं खरं सांगायचं. बेट, मेंढी, लॅबचं खोटं — सगळं. काय बोलणी खायची ती खाईन. ठरलं म्हणजे ठरलं!

मंगळवार, ८ एप्रिल

एकला फोन लावला. आई चक्क हसत होती! "अगं, शनिवारी मी भाजीला गेले होते, तुमच्या बाईंचा फोन यांनीच उचलला. आणि सबंध वाक्य बोलले! मला सांगू देत नाहीत. म्हणतात, मीच… ऐकवणार."

मग बाबा. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. पेपर बाजूला ठेवलेला. वर्गात म्हणायचे तसं, कुठेही न अडखळता, इंग्रजीत — "माय डॉटर इज इन द लॅब."

आणि माझ्याकडे बघत राहिले.

"छान बाबा," मी म्हटलं. "परत म्हणा."