दुसऱ्याच्या वाफ्यातून पाणी

अमरावती, मंगळवार

प्रिय ताई,

‘इतके स्वच्छ बाण काढायला तू कुठं शिकलीस?’ काल आमच्या सत्यवती मॅडमनी सगळ्यांसमोर मला हा प्रश्न विचारला आणि मी नुसती हसले. आपल्या घरातली पहिली पदवीधर, आणि एवढ्याशा प्रश्नाला नुसतं हसू! फोनच करणार होते, पण फोनवर तू मला पहिल्याच वाक्यात अडवतेस. म्हणून हे पत्र. शेवटपर्यंत वाच, मधेच मेथी निवडायला उठू नकोस.

आधी माझं काम नीट सांगते, कारण तू अजून सगळ्यांना ‘गीता कम्प्युटरवर बसते’ एवढंच सांगतेस. भाजीपाला पिकवणाऱ्या बायांना आठवडी बाजारातली जागा फोनवरून नोंदवता यावी, अशी सोय आमच्या संस्थेनं केली आहे. ती नोंदणी कशी करायची, हे चित्रांतून दाखवणारी पत्रकं मी तयार करते. फोनचा पडदा जसाच्या तसा टिपायचा, त्याला स्क्रीनशॉट म्हणतात, आणि मग त्यावर खुणा करायच्या. ताई, त्या सॉफ्टवेअरमध्ये काय काय आहे म्हणून सांगू! बाण आहेत, चौकटी आहेत, पिवळा पट्टा ओढायचा मार्कर आहे. एकदा दाबलं की एक, पुन्हा दाबलं की दोन, असे आकड्यांचे गोल आपोआप उमटतात. कुणाचा फोन नंबर दिसत असला तर त्यावर धुकं पसरता येतं. आणि सगळ्यात भारी म्हणजे वर कोपऱ्यात मागे वळलेला एक बाण आहे. तो दाबला की शेवटची चूक पुसली जाते, जणू झालीच नव्हती! पहिल्यांदा तो दाबला तेव्हा मला तुझं ब्लेड आठवलं. माझ्या विज्ञानाच्या वहीत चुकलेली रेघ तू इतकी हलक्या हातानं खरवडायचीस की कागदाला भोक पडायचं नाही.

पहिल्या पत्रकात मी हरखून सगळीच हत्यारं चालवली. पडद्याचा फक्त वरचा भाग दाखवायचा होता, तर चित्राची कड कागद फाडल्यासारखी करायची एक करामत सापडली. मला ती फारच कलात्मक वाटली. पत्रक अकोटच्या बायांच्या ग्रुपवर गेलं आणि दहा मिनिटांत त्यांच्यातल्या सगळ्यात वडील पार्वताबाईंचा फोन. “पोरी, कोन गेलं वं? नाव तं सांग, मंग मी आंघोळ करतो.” मला काही कळेचना. दोघींनी तर ते न वाचताच फोनमधून काढून टाकलं होतं. तुला विचारलं तेव्हा तू आधी पोट धरून हसलीस आणि मग सांगितलंस की कोपरा फाटलेलं पत्र म्हणजे मयताची खबर. वाचून तिथंच फाडायचं, घरात ठेवायचं नाही. आपल्या मोठ्या मामांची खबर तशीच आली होती म्हणे. मी तेव्हा पाळण्यात होते. बाजारात जागा मिळवा, असं सांगणारं माझं पत्रक मी सुतकाचं करून पाठवलं होतं!

त्याच दुपारी तुझा मेसेज आला. माझंच पत्रक, पण त्यावर तू फोनमधली पेन्सिल उघडून बोटानं रेघा काढल्या होत्यास. ती पेन्सिल तुला कुणी दाखवली, ताई? सोबत तुझा आवाज: “गीते, काठ फाटका काहून ठेवला वं? सरळ काप. आन् हे बाण हायेत का बोरीचे काटे? एकावरून एक चालले. दुसऱ्याच्या वाफ्यातून आपलं पानी नेते का कोनी? टोक बी बटनावर नको टेकू, अलीकडंच थांबव. बाईले बोट ठेवाले जागा पायजे का नाई?” तुझ्या रेघा जराशा थरथरल्या होत्या, पण एकही दुसरीला ओलांडत नव्हती. सगळी नावं उजव्या हाताला, एकाखाली एक. मी काय केलं सांगू? समोर तुझं चित्र ठेवलं आणि जसंच्या तसं गिरवलं. अकोटच्या सत्तावीस बायांपैकी पंचवीस जणींनी कुणालाही न विचारता नोंदणी केली. पार्वताबाईंनी तर अंगठा पाठवला, उलटा, पण पाठवला!

काल मॅडमनी तेच पत्रक भिंतीवर लावलं. नव्या तीन मुलींना मीच शिकवायचं, पुढची सगळी पत्रकं माझ्या हाताखाली व्हायची, असं त्यांनी जाहीर केलं. टाळ्या वाजल्या. आणि मग तो प्रश्न आला. मी हसले फक्त. त्या हसण्याचा अर्थ सगळ्यांनी आपापला लावला आणि मी लावू दिला.

मला ती सवय जुनीच आहे ना? ‘सुबक आकृती काढून भागांना नावे द्या.’ जास्वंदीचं फूल, बेडकाचं हृदय, माणसाचा कान, सगळं तू काढलंस. तेव्हा तुझी दहावी होऊन शाळा सुटली होती. आईची कंबर धरली होती, वांग्याच्या तोड्याला माणूस हवं होतं, आणि आपल्या दोघींपैकी एकीनंच शिकायला अकोटच्या बसमध्ये चढायचं ठरलं होतं. दिवसभर वांगी तोडून काळी पडलेली बोटं तू राखेनं घासायचीस आणि मगच माझी वही हातात घ्यायचीस. सरांनी ती वही वर्गभर फिरवली, तेव्हाही मी अशीच हसले होते. घरी येऊन तुला सांगितलं, तर तू विचारलंस, कानाचा पडदा त्यांना नीट दिसला का. बस, एवढंच.

म्हणून आज सकाळी कचेरीत गेल्या गेल्या मी मॅडमसमोर उभी राहिले. म्हटलं, ते बाण माझे नाहीत. लग्न होऊन पातूरला गेलेली माझी बहीण आहे, भाजी पिकवते, तिचे आहेत. शिकवायचं काम काढून घेतलंत तरी चालेल. मॅडमनी तुझं ते बोटानं रेघा काढलेलं चित्र मागून घेतलं, मोठं करून पाहिलं आणि म्हणाल्या, शिकवायचं ते पुढचं पुढं पाहू, आधी बहिणीला विचार, पुढचं पत्रक घरी बसून करशील का. तू ‘मले काय येते’ म्हणणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून नव्या पडद्यांचे कोरे कागद या पाकिटात घातले आहेत. पेन्सिलीनं कर, बोटानं कर. हो म्हणायचं की नाही, ते तुझं तू ठरव. पण एक गोष्ट मी तुला न विचारता केली. मॅडमची परवानगी घेतली आणि दुपारी ते भिंतीवरचं पत्रक छापायला जायच्या आधी तळाशी एक चौकट ओढली. तिच्यात टाइप केलं: ‘आकृती व बाण: रागिणी, पातूर’. आठशे प्रती छापून झाल्या आहेत, ताई. तिथं मागे वळलेला बाण चालत नाही.

तुझीच, तुझ्या आकृत्यांवर मिरवलेली,
गीता