निळ्या काठाचा रुमाल

धाकटीच्या आईस,

माझी तब्येत ठणठणीत आहे, काळजी नसावी. धाकटीचा खोकला थांबला का?

इथं कारखान्याच्या वस्तीत रविवारी कवितांची बैठक भरते, सगळ्यांनी सलोख्यानं, बरोबरीनं राहावं म्हणून. प्रत्येकानं बिननावाची कविता डब्यात टाकायची आणि दुसऱ्याची उचलून वाचायची. मी समतेवर लिहिली होती, चांगली दोन पानं.

माझ्या हाती आलेल्या कवितेत होतं, ‘मी बाकावरून उठलो की एक जण बाक पुसून मग बसतो.’ असेल कुणी हलकट, असं मनात म्हणत मी आवाज चढवून वाचत गेलो. पुढची ओळ होती, ‘त्याच्या रुमालाला निळा काठ आहे.’

तो काठ तूच शिवलास. रुमाल माझ्या खिशात होता.

मी बाक पुसतो तो एकाच माणसामागून, म्हणजे कविता आमच्या कारखान्यात गटारं साफ करणाऱ्या काकांची. ते खाली बघत बसले होते. लोकांनी माझ्या वाचनाला टाळ्या वाजवल्या. चार दिवस झाले, माफी मागायला जीभ रेटत नाही.

आपल्या झाडूवाल्या मावशींचा वेगळा पेला अजून खिडकीतच असतो ना? मीच ठेवायला लावला होता. तो आत घे. मी आलो की मला त्यातच पाणी दे.

धाकटीचे बाबा