फोनवरची हिंदी

आई,

तुला जाऊन इतकी वर्षं झाली, हे पाठवायचं कुठे, तरी लिहायला बसलोय. आज ट्रेनिंगमध्ये पुन्हा तुझा किस्सा सांगितला. 'एक बाई होत्या' असं म्हणून सांगतो, माझी आई असं म्हणत नाही. मानेसरच्या कारखान्यात नव्या सुपरवायझरांना मी आता संवाद शिकवतो. म्हणजे फळ्यावर एक बोलणारा काढतो, एक ऐकणारा, मधे माध्यम, आणि माध्यम बदललं की माणसाचं बोलणंही कसं बदलतं ते समजावतो. तू असतीस तर म्हणाली असतीस, अगं बाई, याचाही पगार देतात?

तो दिवस मात्र मला अजून दिसतो. जेवणाची सुट्टी आहे, आम्ही पाच-सहा जण डबे उघडून बसलोय, माझे हात आमटीने बरबटलेले, म्हणून तुझा फोन स्पीकरवर टाकला. आणि तू फरीदाबादच्या स्वयंपाकघरातून, मागे कुकरची शिट्टी, खणखणीत आवाजात विचारतेस, "काय रे गाढवा, पोट साफ झालं का आज?" एवढं मराठी इकडे कोणालाही कळतं. "अरे यार, मम्मीजी को बता तो दे!" असं कोणीतरी ओरडलं आणि जो हशा पिकला! "कोण आहे रे तिथे?" तू विचारलंस. मी म्हणालो, "कोणी नाही गं, बोल." मीही हसत होतो, आई.

दुसऱ्या दिवसापासून तू माझ्याशी फोनवर हिंदीत बोलायला लागलीस. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, हा तुझाच नियम. माझा फोन तू दाराबाहेर काढलास. "हाँ बेटा, खाना खाया? इधर सब ठीक है." भाजीवाल्याशी, सिलिंडरवाल्याशी बोलायचीस तीच हिंदी, मोजकी आणि अदबीची. गाढवाचा मी बेटा झालो.

त्या थंडीत महिनाभर 'सब ठीक है' ऐकलं. मग एका रविवारी घरी आलो, तर पोळ्या लाटता लाटता तू खाली बसलीस. "छातीत जड जड वाटतं रे, बरेच दिवस झाले." मी उलट तुझ्यावरच खेकसलो, "रोज फोन करतेस, तेव्हा सांगायला काय झालं होतं?" पदराला हात पुसत तू म्हणालीस, "फोनवर कसं सांगू? तिथे सगळे असतात." डॉक्टर म्हणाले, आधी आणायला हवं होतं. हॉस्पिटलातून तू घरी आलीच नाहीस.

आज वर्गात एका मुलीने हात वर केला. "सर, बेटे ने उनको बताया नहीं कि स्पीकर बंद है?" मी म्हणालो, "बताया था, वो मानी नहीं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी फळ्याकडे वळलो आणि काढलेलं सगळं पुसून टाकलं. मी तुला एकदाही सांगितलं नव्हतं. मराठीत बोल गं, मी एकटाच आहे, एवढंच तर म्हणायचं होतं. पण हिंदीत तुझं बोलणं लवकर संपायचं, आणि मला ते बरं वाटायचं.