कोलंबसला निघालेली बॅग

बाबा, तुमची नात कोलंबसला चालली आहे. तुम्ही ज्याचा धडा शिकवायचात त्याच्याच नावाचं शहर, अमेरिकेत, ओहायोमध्ये. तिथल्या एका शाळेत ती सायन्स शिकवणार. मला मात्र ते नाव ऐकलं की तुमचा इतिहासाचा तास आठवतो. नकाशावर तुमची पट्टी समुद्रावरून पुढे सरकते आहे आणि मी हात वर करून विचारते आहे, "सर, त्याच्या घरच्यांना भीती नाही वाटली?" वर्गात तुम्हाला बाबा म्हणायची सोय नव्हती. तुम्ही म्हणालात, "ते अभ्यासक्रमात नाही. खाली बस." सगळा वर्ग हसला. दिवसभर मी तुमच्याशी बोलले नाही.

आता लंडनजवळच्या मेडनहेडमधल्या माझ्या किचनमध्ये ही पोरगी टोस्टला बटर लावत सांगते, "आई, तिकडे दर टर्मला ड्रिल असतं. कोणी गन घेऊन आलं तर दार लॉक करायचं, मुलांना कोपऱ्यात बसवायचं. इट्स नॉर्मल तिकडे." नॉर्मल म्हणे. तेव्हापासून धड झोप नाही, बाबा. डोळे मिटले की एक वर्ग दिसतो आणि दाराला पाठ लावून उभी असलेली ती. परवा तिनेच विचारलं, "तू नको म्हणालीस तर मी नाही जाणार, आई. खरंच." माझा एक शब्द पुरला असता. मी म्हटलं, "बॅगेचं वजन केलंस का?"

आणि एकदम तुम्ही आठवलात. मी लंडनला निघाले तेव्हा तुम्ही काट्याच्या हुकाला बॅग अडकवून उचललीत आणि म्हणालात, "जास्त भरतंय. काढ सगळं." दुपारभर आपण दोघं जमिनीवर बसून घड्या घालत होतो. आईचा गोडा मसाला राहिला, लोकरीची शाल राहिली. विमानतळावर बॅग चांगली हलकी भरली, तेव्हा मी चिडून म्हटलं, "तो काटा आधी भंगारात द्या." तुम्ही नुसती मान हलवलीत. तुम्ही घाबरला असाल असं माझ्या मनातही आलं नाही.

हे पत्र मी कुठे पाठवणार? चहाच्या डब्यामागे ठेवून देईन. उद्या तिची फ्लाइट आहे. आज दुपारी ती कार्पेटवर बसून अख्खी बॅग पुन्हा रिकामी करत होती आणि मी शेजारी बसून घड्या घालत होते, कारण मीच तिला सांगितलं होतं की वजन जास्त भरतंय. खरं तर वजन मर्यादेतच होतं. काट्यात काही बिघाड नव्हता, बाबा. तुमच्याही नसणार.